अकरावं नाव

१५ जून १९८६

वस्तीतल्या कवडूला परत आणलं! नागपूरच्या दवाखान्यात फुकटची खाट मिळाली होती, तरी परत आणलं. तिथल्या बाईनं सांगितलं म्हणे — दारू सोडवायची तर एकवीस दिवस राहावं लागेल, आणि रोग्याजवळ घरचं एक माणूस पाहिजे. आता त्याची बायको, ललिताबाई, तिथं एकवीस दिवस बसली तर इकडे चार लेकरांच्या तोंडात घास कोण घालणार? खाट फुकट, औषध फुकट. पण मजुरी करणाऱ्या बाईनं एकवीस दिवस कुठून आणायचे, ते काही त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

ललिताबाई एसटीतून उतरली ती माझ्याच ओसरीवर येऊन टेकली. म्हणाली, "काकी, चादर इतकी पांढरी होती, याईले निजवाचंबी भेव वाटे." आणि हसली. ते हसणं पाहवेना.

आमचा बाबुलालही आज पिऊनच आला. एकुलता एक पोर माझा. ताटावर बसला, भाताकडे पाहिलं, उठून गेला. सून मंगला ताट झाकून ठेवते. रोजच झाकते.

२ जुलै

कवडू गेला. चौतीस वर्षांचा होता.

५ जुलै

ललिताबाई आज भाताच्या रोवणीला गेली. चौथ्याच दिवशी! बाया नावं ठेवतात. ठेवणारणींनी तिची चूल पेटवून दाखवावी.

बिड्या वळताना हात आपले चालत राहतात, डोकं रिकामं असतं. सारखा एकच विचार येतो. लेकरांना सुई टोचायला नर्सबाई गावात येते. नसबंदीसाठी तर जीपा आल्या होत्या. मग हे एवढं एक औषध आमच्या आसगावात येऊ शकत नाही?

मी काही शिकलेली नाही. अर्धी अक्षरं बिडीच्या बंडलावरच्या कागदांवरून उचलली, उरलेली बौद्ध दीक्षेनंतर वस्तीत वाचनाचा वर्ग निघाला त्यात. पण विचारायला कुठे शाळा लागते? विचारून पाहीन.

१३ जुलै

पवनीला जाऊन आले. तिथं एक पेन्शनीतले डॉक्टर दर रविवारी नागपूरहून येतात, गरिबांना तपासतात. माझा नंबर शेवटी आला.

"तुम्ही नर्स का?"

"नाही साहेब. बिड्या वळतो जी."

"कोणाची दारू सोडवायची?"

पोराची, असंच म्हणणार होते. तोंडातून निघालं — "गावाची."

आधी हसले. मग चष्मा काढून पुसत बसले. मग तासभर मलाच विचारत राहिले — पितात किती, कमावतात किती, बाया काय करतात. शेवटी म्हणाले, येतो. पण अटी आहेत. एक मोठी स्वच्छ खोली. पंधरा दिवसांचं जेवण. प्रत्येकाजवळ त्याचं एक माणूस. आणि माणसं फक्त दहा! गोळ्या विकत आणायला त्यांच्याजवळही पैसा नाही. ओळखीच्या डॉक्टरांकडून कंपन्यांची सॅम्पलं मागून मागून एक डबा भरलाय, तो दहांपुरताच आहे.

अजून एक गोष्ट सांगितली. बोलले तशीच उतरवून ठेवते. रोज पिणाऱ्यानं आपल्या मनानं एकदम बंद करू नये. हात थरथरतात, घाम फुटतो, नसलेलं दिसू लागतं, मग झटके येतात. त्यात माणूस जातोसुद्धा. म्हणून गोळ्या देतात आणि म्हणून डॉक्टर लागतो. "हे गावात सगळ्यांना सांगा," असं दोनदा म्हणाले.

दारू सोडल्यानं माणूस मरतो! मी तर ऐकतच राहिले. एसटीत बसून विचार केला. हे गावात सांगायचं? पिणाऱ्यांना तर तेच हवं. उद्यापासून प्रत्येक जण सांगत फिरेल — सोडली असती, पण डॉक्टरच म्हणते मरशीन! आणि बायांना काय तोंड दाखवायचं, सोडा सोडा म्हणून इतकी वर्षं त्यांनी नवऱ्यांच्या पाया पडायचं आणि मी हे सांगायचं? नाही. हे आपल्या वहीतच राहू दे.

२७ जुलै

विहाराच्या कमिटीची बैठक. शिबिरासाठी विहार मागितला. त्याच्याएवढी स्वच्छ जागा गावात दुसरी नाही.

यादोराव अध्यक्ष. माणूस सरळ, पण ताठ. म्हणाले, "वर्षावास सुरू आहे, वाचन सुरू आहे, अन् तिथं दारुडे निजवता? दारू न पेण्याचं पाचवं शील तरी ध्यानात आहे का मालनबाई?"

मी म्हटलं, "हाव भाऊ, आहे. ज्याच्या हातून ते मोडते, त्याच्याच साठी जागा मागून राहिलो. ज्याचं मोडत नाही त्याले कायले पाहिजे जागा?"

"ओकतील तिथं."

"मी पुसीन."

बाकीचे हसले, म्हणून यादोरावांना होकार द्यावा लागला. पण उठताना बोललेच, सगळ्यांना ऐकू जाईल असं — "आपल्या पोट्ट्यासाठी सारं करून राहिली बाई. गावाचं नाव पुढं करते."

ते हाडाला लागलं.

त्या विहाराचा ओटा बाबुलालनंच बांधलेला आहे. गवंडी आहे माझा पोर. त्या ओट्यावर पाण्याचा थेंब ठेवला तर जागचा हलत नाही, इतका समतोल. आता ओळंबा हातात धरतो तर दोरी थरथरते. कामाला कोणी बोलवत नाही.

१७ ऑगस्ट

रोवणी आटोपली. आता कापणीपर्यंत माणसं जरा मोकळी. हीच वेळ आहे, नाही तर मग दिवाळीनंतर.

घरोघरी एकेक गाडगं ठेवलं. चुलीवर भात चढवताना एक मूठ तांदूळ त्यात टाकायचा. त्यातून दहा जणांचं पंधरा दिवसांचं जेवण, आणि ज्यांची मजुरी बुडेल त्यांच्या घरचीही चूल. कुणबीपुऱ्यातल्या चार बायांनी आपण होऊन गाडगी मागून नेली. दारूला कुठे जात लागते!

बोडीच्या तळ्याकाठी राहणाऱ्या सुलोचनाबाईनंही गाडगं मागितलं. तिची मोहाच्या दारूची भट्टी आहे. नवरा मेला, मग तिनं हेच सुरू केलं. म्हणाली, "माह्याच गिऱ्हाइकाईले माहेच तांदूळ चारता काय व मालनबाई?" आणि दोन मुठी टाकल्या. मी घेतल्या. तिला शिव्या कोणत्या तोंडानं देऊ? चिखलानं पाय कुजले की आम्ही बाया तिच्याचकडची मोहाची आणून चोळतो. थंडी वाजली, कंबर धरली, की तीच. घराघरात बाटली आहे. पिणाऱ्याचंच तेवढं नाव होतं.

३१ ऑगस्ट

यादी करायची होती. अकरा नावं झाली.

दहा जण मागेच ठरले होते, बाबुलाल धरून. त्याचं नाव मी सगळ्यांत आधी लिहिलं होतं. आणि आज दुपारी सत्यभामा आली, देवाजीची बायको. कडेवर दोन महिन्यांची पोरगी, दोघी मागं. काही मागितलं नाही तिनं. नुसती दाराला धरून उभी राहिली. देवाजीनं घरचं दारसुद्धा विकलंय — खरंच, चौकटीतून काढून! तिच्या घराला आता गोणपाट आहे.

अकरातलं कोणाचं खोडू? एकेक नाव वाचलं. प्रत्येकाच्या मागं कोणी ना कोणी दाराला धरून उभं आहे.

यादोरावांचं बोलणं कानात होतंच. खोडलं. माझ्याच हातानं, माझ्याच पोराचं.

बाबुलाल समोरच बसला होता. म्हटलं, "बाबू, तुझ्या पाठीशी मी आहे, तुझी बायको आहे. देवाजीच्या मागं कोणी नाही. दिवाळीनंतर दुसरं शिबिर घेऊ, तुझंच नाव पहिलं."

तो म्हणाला, "चालते ना माय. त्याच्या घरी तं दारबी नाही." मग थोडं थांबून, "मी बसवून देऊ काय त्याले दार?"

तेव्हा शुद्धीत होता. शुद्धीत असला की असाच बोलतो.

७ सप्टेंबर

सुरू झालं! डॉक्टर सकाळच्या गाडीनं उतरले. यादोराव त्यांना घ्यायला स्वतः गेले. दहाही जण आले. अंघोळी करून, धुतलेले कपडे घालून, लग्नाला आल्यासारखे. प्रत्येकाला गोळी कोणती, केव्हा, ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. पहिले तीन दिवस मुक्कामच करणार आहेत.

मला विचारलं, "घरच्या घरी कोणी एकदम बंद करू नका, हे गावात सांगितलं ना?"

मी मान हलवली. कशी हलली कोण जाणे.

देवाजीजवळ मी राहणार. सत्यभामाला तान्ही पोर सोडून येता येत नाही. पंधरा दिवस माझा मुक्काम विहारातच.

९ सप्टेंबर

कालचा दुसरा दिवस जड गेला. देवाजीचे हात इतके थरथरले की पेला दाताला वाजत होता. गोळी दिली, शांत झाला. माझा पदर धरून निजला, लेकरासारखा.

कुणबीपुऱ्याचा तुलाराम आहे यादीत. पहिल्या दिवशी घरून आपला गिलास घेऊन आला होता. दुसऱ्या एकानं टोमणा हाणलाच — "काहून बे तुल्या, सुलोचनाबाईच्या भट्टीवर तं एकाच गिलासात पेत होतो आपण! इथं कायले वेगळा?" तुलाराम आधी रागावला, मग इतका हसला की खोकला लागला. आज गिलास घरी पाठवून दिला.

मंगला डबा घेऊन आली होती. काही बोलायचं होतं असं वाटलं. "काय व?" म्हटलं. "काही नाही आत्याबाई." आणि गेली.

११ सप्टेंबर

तांदूळ संपले म्हणून दुपारी घरी गेले, घरचं गाडगं आणायला. आत पाय टाकला आणि मोहाचा भपकारा!

बाबुलाल घोंगडी पांघरून कोपऱ्यात बसलेला. घामानं भिजलेला, दात वाजतात. मला पाहून म्हणतो, "माय, भितीवर मुंग्या चालून राहिल्या. ओळीनं. ओळंब्यात."

माझं डोकंच फिरलं. तिकडे दहा घरची पोरं दाताखाली ओठ धरून सोसतात, आणि माझा हा! म्हटलं, "आजबी ढोसली? पाच दिवस माय घरी नाही तं मोकळंच रान भेटलं तुले?"

"नाही घेतली व माय."

"घरभर वास सुटला! मायले शिकवते?"

मंगला पुढे झाली. त्यानं तिच्याकडे पाहिलं तशी तोंडाशी पदर धरून उभी राहिली.

शंभर वेळा ऐकलंय ते "नाही घेतली". गाडगं उचललं आणि निघाले. दारातून म्हटलं, "तुह्यं नाव खोडलं तेच बरं झालं."

१२ सप्टेंबर

बाबुलाल गेला.

१७ सप्टेंबर

लिहायचं नव्हतं. पण दुसरं कोणाशी बोलू?

त्या सकाळी मंगला पळत आली. मी पोचेपर्यंत झटके थांबले होते आणि तोही. तोंडात फेस. हात उघडा होता. मी मिटवला.

देवाजी रडत रडत आला — शिबिरातून बाहेर पडायचं नाही, तरी आला. खांदा दिला. यादोरावांनी दुसरा दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण मडकं त्यांनीच उचललं.

रविवारी डॉक्टरांनी विचारलं, "शेवटची कधी घेतली होती त्यानं?"

"आदल्या दिवशी. मी सोता वास घेतला."

"नक्की?"

"माय आहो मी जी. मले नाही कळत काय?"

त्यांनी वहीत लिहून घेतलं.

राग येतो. देवा, मेलेल्या पोराचा राग येतो! दिवाळीपर्यंत थांबायचं होतं फक्त.

२१ सप्टेंबर

शिबिर संपलं. दहाही जण विहारात उभे राहिले, बायकापोरांसमोर. त्रिशरण पंचशील झालं. पाचव्या शिलाला तुलारामला शब्द येईनात, देवाजीनं हळूच सांगितले. बाया रडल्या. डॉक्टर म्हणाले, दहापैकी पाच टिकले तरी खूप आहे.

मला बोलायला उभं केलं. मी म्हटलं, "माह्या पोराकडं पाहा. तुम्ही इथं सोसत होते, तवा तो तिकडं पेत होता. शेवटच्या दिवसापर्यंत पेला. दारूनं खाल्लं त्याले. आपल्या लेकराले असं म्हणाची पाळी तुमच्या मायवर येऊ देऊ नोका."

मंगला उठली आणि बाहेर गेली. घरी आले तेव्हा तिची पिशवी नव्हती. शेजारीण म्हणाली, करडीला माहेरी गेली, दुपारच्याच गाडीनं.

जाऊ दे. तिनं तरी किती सोसायचं.

१९ ऑक्टोबर

देवाजीच्या घराला दार लागलं. आंब्याच्या फळ्यांचं, त्यानं स्वतः केलं. जरा वाकडं बसलंय. बाबुलाल असता तर —

दोन जण पुन्हा भट्टीवर दिसले. आठ टिकून आहेत.

करडीला निरोप पाठवला होता. उत्तर नाही.

१६ नोव्हेंबर

डॉक्टरांचं पत्र. या वेळी वीस माणसांपुरत्या गोळ्या जमल्या आहेत. कापणी, मळणी झाली की जानेवारीत दुसरं शिबिर घेऊ म्हणतात. "यादी तुम्हीच करा, मालनबाई."

बाबू, पहिलं नाव तुझं लिहीन म्हटलं होतं. आता पहिलं कोणाचं लिहू? वही उघडली, मिटली. नको वाटतं. पण ललिताबाईची चार लेकरं समोरून शाळेत जातात, तेव्हा वाटतं की नको म्हणायचा आपल्याला हक्क नाही.

ओळंबा अजून खुंटीला आहे. धूळ बसली. पुसत नाही मी.

१४ डिसेंबर

मंगला आली. पाणीही घेतलं नाही. उभ्यानंच बोलली.

त्यानं पाच दिवस घेतली नव्हती. सात तारखेच्या सकाळपासून थेंबसुद्धा नाही. तिला सांगितलं होतं — "गोळ्या दहांपुरत्याच हाये, तं मी बिनगोळीचा सोडतो. मायले सांगू नोको. पंधराव्या दिवशी विहारात जाऊन उभा राहतो, अकरावा." रोज सकाळी ओळंबा धरून हात पाहायचा. अंग गार पडून थरथरू लागलं, तेव्हा थंडी भरली समजून तिनंच सुलोचनाबाईकडून वाटीभर मोहाची आणली आणि हातापायांना चोळली.

तो वास.

"मी चोळली म्हणून गेले काय जी आत्याबाई?" तीन महिने हेच पोटात घेऊन बसली होती पोरगी.

मी म्हटलं, नाही व माय. तुझ्या हातानं काही झालं नाही. डॉक्टरांचं सांगणं उतरवलेलं तेरा जुलैचं पान काढून तिला वाचून दाखवलं. उद्या ते घरोघरी जाऊन वाचणार आहे, यादोरावांपासून सुलोचनाबाईपर्यंत.

"नाही घेतली व माय," असं म्हणाला होता.